पुस्तक बाहेर ठेवून ये

“साकारिस, आजचं प्रवचन गेल्या रविवारपेक्षा चांगलं झालं हो,” बिल्लाआजी म्हणाली. चर्चच्या दारात गारांचा मारा चालू होता आणि तिनं माझ्या नवऱ्याची बाही घट्ट पकडून ठेवली होती.

“आवडलं ना? बरं झालं,” साकारिस म्हणाला. त्याचं निम्मं लक्ष तिच्याकडे होतं, निम्मं घंटेच्या दोराकडे. दोर विरत चालला होता आणि तो बदलायचा होता.

“आवडणारच. दुसऱ्यांदा ऐकलं की नीट कळतं.”

“दुसऱ्यांदा?”

“अरे पोरा, गेल्या रविवारी हेच वाचलंस की. शब्द न् शब्द.”

साकारिस हसला. मग त्यानं काखेतलं प्रवचनांचं जाडं पुस्तक उघडलं. खुणेची फीत जिथं गेल्या रविवारी होती तिथंच होती. पुढे सरकवायची राहून गेली होती. त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“एल्सबा, खरंच?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला खरंच काही ठाऊक नव्हतं. त्या वीस मिनिटांत मी मुलीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरच्या बाहीचे टाके मनातल्या मनात मोजत होते.

भिंतीच्या आडोशाला पेतुर पाइप पेटवत उभा होता. हा आमच्या चर्चसमितीतला सगळ्यात थोराड आणि सगळ्यात आळशी माणूस. साकारिसनं त्यालाही विचारलं.

“तेच होतं का?” पेतुर म्हणाला. “असेल बाबा. मला तर सगळी सारखीच वाटतात.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला.

आम्ही घरी आलो. कोट खुंटीला लावून तो तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“लोकांचं सोड,” तो म्हणाला. “आठवडाभर राबून आलेली माणसं, डुलक्या घेतात. पण मी, एल्सबा? मी तर वाचत होतो. माझ्याच तोंडानं. वीस मिनिटांत एकसुद्धा वाक्य मला ओळखीचं वाटू नये?”

मी बटाटे चुलीवर ठेवले.

आमच्या पाळकबाईंकडे सहा गावं आहेत. समुद्रानं येऊ दिलं तर दर सहाव्या रविवारी त्या आमच्याकडे येतात. मधल्या रविवारी गावातलाच कुणीतरी वेदीसमोर उभा राहून छापील प्रवचन वाचतो. आम्हा फेरो बेटांवरच्या लोकांना त्यात काही नवल नाही. पूर्वापार असंच चालत आलंय. आमच्या गावात हे काम एकोणतीस वर्षं साकारिस करतोय. सोमवार ते शुक्रवार तो बंदरावरच्या कारखान्यात बोटींचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करतो. उरलेला सगळा वेळ चर्चचा. आधी नुसतं वाचन होतं. मग घंटा आली. मग हिवाळ्यात शेगडी पेटवणं, मुलांची रविवारची शाळा, दफनभूमीची भिंत, बाहेरच्या लाकडाला दर वर्षी डांबर. शेवटी छपराची समिती. आमच्या चर्चचं छप्पर गवताचं आहे. ते पुरतं बदलायला झालं होतं आणि त्यासाठी किती कचेऱ्यांना किती पत्रं लिहावी लागतात ते मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बघत होते. मी म्हणायचे, सवत परवडली असती, तिच्या डोक्यावर निदान गवत तरी नसतं.

पण खोटं कशाला बोलू, मला अभिमानही होता. लोक म्हणायचे, साकारिस नसता तर आमचं चर्च केव्हाच बंद पडलं असतं. ते खरंच होतं.

त्या रविवारनंतर त्यानं काय करावं? तर आणखी काम काढलं. घंटेचा दोर बदलला, बाकांचे खिळे ठोकले, उन्हाळ्यात लावायच्या डांबराचे डबे मार्चमध्येच आणून ठेवले. घरी आला की जेवायचा आणि खिडकीपाशी बसून राहायचा.

महिनाभरानं बिल्लाआजीचा निरोप आला, माझा स्टोव्ह धूर करतोय, साकारिसला पाठव. आजी तेव्हा सत्याऐंशी वर्षांची होती. अख्खा जन्म तिनं गावात सुईणीचं काम केलं होतं. तिचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज चढली होती, आणि त्या गारांच्या रविवारनंतर ती घराबाहेर पडली नव्हती. साकारिसनं हत्यारांची पेटी घेतली, मी माशांच्या गोळ्यांचं भांडं घेतलं आणि आम्ही गेलो.

साकारिसनं स्टोव्ह उघडला, नळी तपासली, पुन्हा लावली.

“आजी, स्टोव्ह ठणठणीत आहे.”

“मला माहीत आहे,” ती खाटेवरून म्हणाली. “नाहीतर तू आला असतास का? तुझ्याकडे दुरुस्तीचं काही नसेल तर तुला बोलवायचं कसं हेच माणसाला कळत नाही. बस.”

तो पेटीवरच बसला.

“डॉक्टर म्हणतो, उन्हाळा दिसेल कदाचित. त्याचा चेहरा म्हणत होता, नाही दिसणार. ते असो. माझ्यासाठी प्रार्थना कर.”

“करतो की,” म्हणत साकारिस लगेच उठला. हे काम त्याच्या ओळखीचं होतं. कोटाच्या खिशात प्रार्थनेचं छोटं पुस्तक कायम असायचं, ते त्यानं काढलं आणि आजाऱ्यांसाठीचं पान शोधू लागला.

“ते पुस्तक बाहेर ठेवून ये.”

“मग?”

“मग काय? त्याच्याशी बोल. माझ्याबद्दल चार शब्द सांग. तुझे.”

साकारिस उभाच राहिला. त्याची मान लाल होत गेली. ती तशी कधी होते ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांकडे मला मागायला आला होता तेव्हा झाली होती.

“उद्या येतो, आजी,” तो म्हणाला. “आज समितीची बैठक आहे.”

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, “आज कसली बैठक?”

“नाहीये.”

खाली बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर तो थांबला. पेटी खाली ठेवली.

“काय बोलू मी, एल्सबा? कुणाशी बोलू? मी इतकी वर्षं त्याच्या घराची घंटा वाजवतोय, भिंतींना डांबर लावतोय, आल्यागेल्याला दार उघडतोय. पण घरमालकाला मी शेवटचं कधी भेटलो ते मला आठवत नाही. तो आत आहे की नाही हेसुद्धा मला आता सांगता यायचं नाही.”

मी त्याला टाक्यांचं सांगितलं, स्वेटरच्या बाहीचं. तो जरासा हसला. मीही हसले. मग त्यानं पेटी उचलली.

त्या आठवड्यात त्यानं पाळकबाईंना फोन केला, वाचन सोडतो म्हणून. बाई चांगल्या आहेत, तरुण आहेत, पण त्यांची गाडी सदा चालूच असते. मागून इंजिनाचा आवाज येत होता आणि त्या म्हणत होत्या, “साकारिस, असं नका करू हो, तुमच्याशिवाय तिथे दुसरं आहेच कोण? पुढच्या वेळी आले की निवांत बोलू.” पेतुरही तेच म्हणाला. काय झालंय, असं कुणीच विचारलं नाही.

आणि बिल्लाआजीकडे तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी मी कारखान्यातून, म्हणजे मासे कापायच्या माझ्या कारखान्यातून घरी येत होते, तर हा शिडीवर. भर धुक्यात चर्चच्या भिंतीला डांबर लावतोय.

“खाली उतर,” मी म्हणाले.

“एवढा कोपरा झाला की—”

“ती मरतेय आणि तू डांबर लावतोयस. उतर खाली, साकारिस!”

एवढ्या मोठ्यानं मी त्याच्यावर कधीच ओरडले नव्हते. तो उतरला. हात रॉकेलनं धुतले, सवयीनं हत्यारांची पेटी उचलली आणि निघाला. मीही मागोमाग गेले, पळून जाईल अशा भीतीनं.

आजी आणखी लहान झाल्यासारखी दिसत होती. मी स्वयंपाकघरात कप धुवायला गेले. दार उघडंच होतं. साकारिसनं पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. मग आजीचा आवाज आला.

“रान्वा कशी आहे?”

रान्वा आमची मुलगी. डेन्मार्कमध्ये असते.

“बरी आहे. पुन्हा नोकरी बदलली.”

“सातव्या महिन्यात झाली ती. एल्सबा तिकडे तोर्शहावनच्या इस्पितळात आणि तू इकडे. चार दिवस वादळ, एक बोट सुटेना.”

“हो.”

“तिसऱ्या दिवशी दुपारी तू चर्चमध्ये गेलास.”

पेटीची कडी वाजली. तो हलला असावा.

“तुला कसं माहीत?”

“मी तिथंच होते. दिवे पुसायला गेले होते. मागच्या बाकावर. तू बूट न काढताच पुढे जाऊन बसलास आणि इतक्या मोठ्यानं बोलायला लागलास की मला उठून जाताही येईना.”

“काय बोललो मी?”

“आठवत नाही तुला?”

“नाही.”

“‘ऐक ना,’ म्हणालास. घरच्या माणसाला म्हणतात तसं. ‘ऐक ना, ही पोर मला दे. मला तिचा आवाजसुद्धा अजून ऐकायला मिळाला नाही.’ मग रडलास. मग पुन्हा, ‘ऐक ना.’ तासभर तेच. आणि मग गप्प बसलास, पण ते गप्प बसणं वेगळं होतं. मी सुईण, बापांच्या प्रार्थना मी रग्गड ऐकल्यात. नवस बोलतात, सौदे करतात, शिव्या घालतात. पण समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय असं बोलताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.”

एकोणतीस वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की त्या चार दिवसांत तो धक्क्यावर बोटीची वाट बघत उभा होता. पुढच्याच महिन्यात जुने वाचक वारले आणि त्यानं ते काम आपण होऊन मागून घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं, हौस असेल.

“मी त्या दिवशी घरी आले,” आजी सांगत होती, “आणि मीही तसंच बोलून पाहिलं येशूशी. ‘ऐक ना’ म्हणून. पुष्कळ वर्षं चाललं ते, चांगलं चाललं. आता मात्र काही महिने मला फार भीती वाटते, साकारिस. बोलायला जाते तर समोर कुणीच नाही. म्हटलं, ज्याच्याकडून शिकले त्यालाच विचारावं, त्याला वाट ठाऊक असेल. तर तू आपला पुस्तक घेऊन आलास.”

“मला वाट ठाऊक नाही, आजी. आता नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “मग दोघं मिळून हरवू. पण बोल.”

खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की होड्यांच्या छपऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या.

“ऐक ना,” साकारिस म्हणाला आणि थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, झालं, उठणार आता हा.

“ऐक ना. मी साकारिस. बरेच दिवस... बरीच वर्षं बोललो नाही. तुझ्याच कामात होतो, त्यामुळे राहून गेलं. म्हणजे मी त्याला तुझं काम म्हणत होतो. तू कधी मागितलं होतंस की नाही, कुणास ठाऊक.” पुन्हा थांबला. “ही बिल्ला. तू ओळखतोस हिला. गावातली एकशे चाळीस पोरं हिनं बाहेर काढली, त्यात मीही होतो. हिच्या हातून कुणी निसटलं नाही. आता ही घाबरलीय. हिनं आम्हाला धरलं तसं तू हिला धर. एवढंच म्हणायचं होतं. आणि माझं म्हणशील तर... माझं काय ते मला नीट सांगता येत नाही. पण मी इथं आहे. आमेन.”

“आमेन,” आजी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “वाईट नव्हतं. जरा गंजलंय.”

“बरीच वर्षं बंद पडलेलं होतं ना,” साकारिस म्हणाला. “एकदम सुरू नाही व्हायचं.”

कप धुवायचं पाणी केव्हाच गार झालं होतं. मी तोंड पुसलं, कॉफी ठेवली आणि वॅफलवर लावायला रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा शोधत बसले. बाहेर जायला मला अजून थोडा वेळ हवा होता.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटला की आजीकडे जाऊ लागला. पेटी न घेता. फार काही चमत्कार घडला असं समजू नका. कितीतरी दिवस तो घरी येऊन सरळ सांगायचा, “आज काहीच नव्हतं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं.” कधी दोघं नुसतीच बसायची. कधी तीच त्याला झापायची, “पुटपुटू नकोस, मला ऐकू येत नाही, त्याला येत असेल.” आणि मग एप्रिलमधल्या एका दिवशी तो आला, कोट न काढताच खुर्चीत बसला. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाला, “काही नाही. आज तो होता.” आणि दोन माणसांचं जेवला.

छपराची सगळी पत्रं त्यानं पेतुरच्या घरी नेऊन टाकली. पेतुर हबकला.

“अरे, मला पत्रं लिहिता येत नाहीत!”

“मलाही येत नव्हती.”

“आणि चर्चमध्ये डोक्यावर पाणी गळायला लागलं म्हणजे?”

“म्हणजे भिजू. तुला घाई झाली की तू लिहिशील.”

मुलांची रविवारची शाळा शाळेतल्या बाईंनी घेतली. बाई त्याच्यापेक्षा बरं शिकवतात, हे त्यालाही मान्य आहे. वाचन तेवढं त्यानं ठेवलं. पण आता शनिवारी तो टेबलाशी बसून दुसऱ्या दिवशीचं प्रवचन मला वाचून दाखवायचा. मध्येच थांबून विचारायचा, “याचा अर्थ काय गं?” मलाही कळायचं नाही. मग मी बटाटे सोलत, तो पानावर बोट ठेवून, आम्ही दोघं त्या एका वाक्याशी झटत बसायचो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, देवाबद्दल आम्ही असं बोलत बसलो ते त्या वसंतात पहिल्यांदा. एका रविवारी तर तो वेदीसमोरच थांबला, मान वर करून म्हणाला, “हे मला पटायला जड जातंय, पण असं लिहिलंय,” आणि पुढे वाचू लागला. बाकांवर चुळबुळ झाली. बाहेर आल्यावर पेतुर म्हणाला, “आजचं मात्र मी ऐकलं हं.”

मे महिन्यात, कोकरं जन्मून गवतावर उड्या मारायला लागली होती तेव्हा, एका बुधवारी सकाळी बिल्लाआजी गेली. मी कामावर होते. कुणीतरी म्हणालं, साकारिस बाहेर उभाय. मी हातमोजे काढत गेले. तेलानं माखलेल्या कपड्यांत तो फाटकाशी उभा होता.

“गेली. मी कामावर जाताना डोकावलो होतो, बरं झालं.”

“भीती होती का रे?”

“काल होती. फार होती. आज नव्हती.” त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “माझा हात इतका घट्ट धरला होता तिनं. मग सोडला. मला वाटलं, झोप लागली.”

दफनाच्या दिवशी पुन्हा धुकं उतरलं आणि पाळकबाईंची बोट सुटली नाही. अशा वेळी आमच्याकडे वाचकच सगळं उरकतो, पाळक नंतर येऊन थडग्याशी आशीर्वाद देतात. साकारिसनं त्या दिवशी सगळं पुस्तकातूनच वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मला थोडं नवल वाटलं. घरी जाताना म्हणाला, “ते सगळ्या गावाचं होतं, एल्सबा. माझं मी तिच्याशी आधीच बोललो होतो.” एकशे चाळीस पोरांपैकी गावात उरलेली होती नव्हती तेवढी सगळी शवपेटीला खांदा द्यायला आली होती. पाळी लावावी लागली.

जुलैत लोकर कातरायचे दिवस आले. सगळं गाव मेंढ्या खाली हाकायला डोंगरावर जातं, तसे आम्हीही गेलो. मला दम लागला, म्हणून साकारिस शेजाऱ्यांचा कुत्रा घेऊन पुढे गेला. मी चढत चढत वरच्या दगडी बांधाजवळ आले, तर पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, मलाच हाक मारतोय. पाहिलं तर तो टोपी गुडघ्यावर ठेवून एका दगडावर बसला होता. तोंड समुद्राकडे. बोलत होता, मध्येच हात हलवत होता. शब्द वाऱ्यानं नेले. एकही माझ्यापर्यंत पोहोचला नाही.

कुत्र्यालाही माझ्यासारखंच वाटलं असावं. तो लांबून धावत आला, साकारिससमोर कान टवकारून उभा राहिला, हुकमाची वाट बघत. साकारिस बोलतच राहिला. कुत्र्यानं मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला केली. हे आपल्यासाठी नाही, एवढं बहुधा त्याच्या ध्यानात आलं. तरी तो गेला नाही. साकारिसच्या बुटांवर हनुवटी टेकून पडून राहिला.

मी बांधाच्या अलीकडेच गवतात बसले. खालून पेतुर दोन्ही हात हलवत ओरडत होता, मेंढ्या निसटल्या म्हणून. मी त्याला हातानंच सांगितलं, थांब जरा. मेंढ्या चरत चरत वर चढत राहिल्या.